नोव्हेंबरच्या पानावरचं लांबडं

मोर्न-गोयाव,
शुक्रवार, ३ ऑक्टोबर, सकाळी (कोंबड्यांना दाणे टाकून झाल्यावर)

तीर्थस्वरूप इस्मेरीताईस,

धाकट्या लेओकादीचा एक गुडघा टेकून नमस्कार. (दुसरा गुडघा वाकवायला डॉक्टरांनी मनाई केली आहे, तो मनातल्या मनात टेकला असं समजावं.) तुझी तब्येत कशी आहे? हे मी दर पत्रात विचारते आणि तू दर पत्रात "चाललंय" एवढंच लिहितेस. पण या वेळी जरा सविस्तर कळव. भूक लागते ना, झोप येते ना, जिना चढताना श्वास व्यवस्थित चालतो ना? उत्तर स्वतःच्या हाताने लिही आणि वर तारीख ठळक घाल. असं का, ते ओघाने येईलच. इकडे माझं बरं आहे. परसातल्या नीरफणसाला यंदा इतकी फळं आली की शेजारणी मला लांबून बघूनच घरात शिरतात, कारण मी भेटले की त्यांच्या हातात एक फळ पडतंच. पांढरी कोंबडी गेली. बाकी सगळे जिवंत आहेत. हे वाक्य लिहिताना मला थोडं अवघडल्यासारखं झालं आहे, पण तेही ओघाने येईल.

तुझं गेल्या नाताळचं कार्ड अजून माझ्या आरशाच्या चौकटीत खोचलेलं आहे. त्यावर बर्फातलं चर्च आहे आणि मागे तू लिहिलं आहेस, "येईन गं कधीतरी, पण मला आता तिकडे कोण ओळखतंय?" आईला पोचवून तू बेटावरून परत पॅरिसला गेलीस त्याला अकरा वर्षं झाली, ताई. अकरा वर्षं एक नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या दिवसासाठी मी एकटी आईच्या थडग्याला चुना लावते आणि एकटी मेणबत्त्या लावते, आणि दरवर्षी वारा बरोबर तुझ्या वाटणीच्या मेणबत्त्या विझवतो. या पत्रात पुढे जे काही आहे ते वाचताना तुला राग येईल. तो आला की त्या कार्डावरचं स्वतःचं वाक्य आठव आणि मग पुढे वाच.

तर झालं असं. आपल्या मेयरसाहेबांना मार्चमध्ये पुन्हा निवडून यायचं आहे. त्यामुळे त्यांना अचानक गावातली म्हातारी माणसं दिसू लागली. एरवी आम्ही ज्येष्ठ मंडळातल्या बायका शाळेच्या मागच्या खोलीत पत्ते खेळतो आणि खोलीचं छप्पर गळतं. मेयरसाहेबांनी येऊन छप्पर पाहिलं, मान हलवली आणि आमच्यासाठी फोटोग्राफीचा वर्ग मंजूर केला. (छप्पर अजून गळतं. त्याचे आम्ही फार चांगले फोटो काढले आहेत.) शिकवायला समुद्रापलीकडच्या ल्योंहून एक तरुण आणला, मोस्यू ऑरेलियाँ. गोरापान, गुडघ्यापर्यंतची चड्डी, आणि बोलताना हवेत दोन्ही हातांनी चौकट करायची सवय. पहिले तीन आठवडे त्याने आम्हाला फोटोने गोष्ट कशी सांगावी, प्रकाशाशी संवाद कसा साधावा, आणि विषयाला आपल्याकडे कसं येऊ द्यावं हे शिकवलं. चौथ्या आठवड्यात कॅमेरा चालू कसा करायचा ते सांगितलं. तोवर आमच्यातल्या दोघी पत्त्यांकडे परतल्या होत्या.

वर्गाचं फळ म्हणून कॅलेंडर छापायचं ठरलं. डोंगराच्या पायथ्याशी नवं प्राणिसंग्रहालय झालं आहे, तिथले बारा प्राणी, बारा महिने, प्रत्येक फोटोखाली काढणारीचं नाव, आणि मुखपृष्ठावर अर्थातच मेयरसाहेब. कोणी कोणता प्राणी काढायचा यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठ्या सिदोनीच्या टोपीत होत्या, कारण मंडळाची अध्यक्ष सिदोनी. (होय, तीच. माझ्या वर्गातली. केस अजून तसेच, वादळातही न हलणारे.) कोणाला फ्लेमिंगो आला, कोणाला कासव, पोपटवालीने तर टाळ्याच वाजवल्या. माझी चिठ्ठी उघडली तर तिच्यावर नाव नव्हतंच. नुसती एक नागमोडी रेघ काढली होती. माझ्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या किंचित सरकल्या. मोस्यू ऑरेलियाँने मात्र वाकून पाहिलं आणि आनंदाने ओरडला, "वा! साप!" (शब्द त्याचा आहे, ताई. मी फक्त उतरवून घेतला, आणि उतरवताना डाव्या हाताने क्रूसही केला. पुन्हा या पत्रात तो येणार नाही.) सगळ्या बायकांनी छातीवर क्रूस केला. त्याला वाटलं आम्ही प्रार्थना करून सुरुवात करतो आहोत, म्हणून त्यानेही केला.

तुला आई आठवते ना दारात उभी? "नाव घेऊ नका गं, नाव घेतलं की ते येतं. बोलावल्यासारखं होतं." लांबडं म्हणा, ते म्हणा, काही म्हणूच नका. आणि तिकडे शाळेत सिस्टर आन्येस! बायबलातली एव्हाची गोष्ट मोठ्याने वाचायची पाळी माझ्यावर आली तेव्हा मी दहा वर्षांची होते. मी सुरेख वाचत आले, बाग, झाड, फळ, आणि त्या शब्दापाशी येऊन थांबले. मग वाचलं, "तेव्हा ते लांबडं एव्हाला म्हणालं." सिस्टर म्हणाल्या, "पुस्तकात जे आहे ते वाच." मी म्हटलं, "सिस्टर, आमचे बाबा आत्ता केळीच्या बागेत आहेत." त्यांना काही कळलं नाही. त्यांनी पुस्तक शेजारच्या बाकावर दिलं आणि सिदोनीने तो शब्द तोंड वर करून, स्पष्ट, एकदा नाही तर चारदा वाचला आणि सोनेरी कडा असलेलं संत तेरेजाचं चित्र बक्षीस घेऊन गेली. ते चित्र माझं होतं, ताई. ते माझ्या मिस्सालमध्ये, प्रार्थनेच्या पुस्तकात, कुठल्या पानावर ठेवायचं हेसुद्धा मी ठरवलं होतं. छप्पन्न वर्षं झाली, अजून त्या पानापाशी बोट थांबतं. तेव्हा चिठ्ठी परत टोपीत टाकायची सोय असूनही मी ती घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि म्हटलं, काढते मी. त्या कॅलेंडरवर माझं नाव छापून येणार होतं, आणि ते सिदोनीच्या घरात वर्षभर लटकणार होतं.

पहिल्या बुधवारी मी सजून गेले. निळा फुलांचा झगा, पांढरी टोपी. लांबड्यांच्या दालनाचा राखणदार फुल्जांस म्हणून आहे, अठ्ठावन्न वर्षांचा, पावलं वाजू न देता चालणारा. तोही नाव घेत नाही. तो तिला "मादाम" म्हणतो. (ती मादीच आहे, आपल्याच डोंगरातली, विटकरी रंगाची, बाबा जिला पाहून टोपी काढायचे आणि मग दुसऱ्या वाटेने जायचे, त्या जातीची.) मादाम काचेमागे एका फांदीखाली वेटोळं करून बसलेली. मी चाळीस फोटो काढले. मोस्यू ऑरेलियाँने ते मोठ्या पडद्यावर लावले तेव्हा चाळीसच्या चाळीस फोटोंत मी होते. काचेत माझंच प्रतिबिंब पडलेलं, पांढरी टोपी सगळ्यांत ठळक, आणि मादाम माझ्या गळ्याभोवती हारासारखी. सिदोनी म्हणाली, "छान आलीस गं लेओकादी. पण दोघींपैकी कॅलेंडरवर कोण?"

फुल्जांसने मला बाजूला घेऊन शिकवलं ते त्या ल्योंवाल्याने दोन महिन्यांत शिकवलं नव्हतं. काचेला भिंग अगदी टेकवायचं, फ्लॅशचा झगझगाट करायचा नाही, आणि अंगावर काळं घालायचं, नखशिखान्त, म्हणजे काचेत काही उमटत नाही. माझ्याकडे नखशिखान्त काळं असं एकच आहे. आई गेली तेव्हाचं, सुतकाचं. तो झगा, ती जाळीची टोपी, काळे मोजे आणि वर मोठी काळी शाल, भिंगावरून पांघरून डोकं आत घालायला. तर दुसऱ्या बुधवारी सकाळी मी हे सगळं पेटीतून काढून घातलं. अकरा वर्षं डांबरगोळ्यांत राहिलेलं कापड ते! घराबाहेर पडेपर्यंत माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

आता बसथांब्यावर बेकरीवाली युलाली उभी होती. (थोरल्या ऑर्तांसची मुलगी, तू पहिल्यांदा पॅरिसला गेलीस तेव्हा कमरेएवढी होती.) तिने मला पायापासून टोपीपर्यंत पाहिलं आणि हातातली टोपली खाली ठेवली. "अगं बाई! कोण गेलं?" आता तू सांग मी काय बोलणार होते? लांबड्याच्या वाटेला निघालेल्या माणसाने कुठे चाललो ते वाटेत सांगायचं नसतं, हे तुला, मला आणि युलालीलाही पाळण्यात असल्यापासून माहीत आहे. सांगितलं की ते पाठ फिरवतं, आणि मला तर त्याचं तोंड हवं होतं. तेव्हा मी ओठांवर बोट ठेवलं, मान हलवली आणि रुमालाने डोळे पुसले. युलालीने माझा हात घट्ट धरला. बसमध्ये तिने मला खिडकीची जागा दिली. चालकाने गाणं बंद केलं. मागच्या बाकावरून कोणीतरी हलकेच विचारलं, "हिचं आता राहिलंय कोण?" आणि कोणीतरी त्याहून हलकेच उत्तर दिलं, "पॅरिसची बहीण." मी ऐकलं, ताई. पण तेवढ्यात माझा थांबा आला आणि माझ्या डोक्यात प्रकाशाशी संवाद होता.

त्या दिवशी काचेत काही उमटलं नाही, हे खरं. पण मादामने चार तासांत अंगाचा एक खवलासुद्धा हलवला नाही. फोटो पाहून मोस्यू ऑरेलियाँने हवेत चौकट केली आणि म्हणाला, "दोर. फार सुंदर दोर."

संध्याकाळी घरी आले तर ओट्यावर भांडीच भांडी. कोनफळाचं सूप, माशाची भजी, एक अख्खा केक आणि रमची बाटली. मला वाटलं, फोटोग्राफीचं एवढं कौतुक! आत जाऊन रेडिओ लावला. तुला ठाऊकच आहे, इकडे मंत्रिमंडळ पडल्याची बातमी चुकली तरी चालते, पण साडेसहाच्या मृत्युवार्ता कोणी चुकवत नाही. मी कांदा सोलत होते. पहिली वार्ता दक्षिणेकडच्या कोणाची तरी. दुसरी तुझी. "मोर्न-गोयावच्या कन्या, पॅरिसनिवासी मादमोझेल इस्मेरी, उर्फ तितिन, वय वर्षं चौऱ्याहत्तर, यांच्या निधनाची वार्ता त्यांची शोकाकुल भगिनी लेओकादी, ज्येष्ठ मंडळाच्या अध्यक्षा मादाम सिदोनी, आणि समस्त सभासद जड अंतःकरणाने कळवत आहेत." भगिनीने काहीही कळवलेलं नव्हतं. भगिनीच्या हातात कांदा होता. सिदोनीने दुपारीच रेडिओला फोन करून टाकला होता, म्हणजे स्वतःचं नाव माझ्या नावाच्या लगेच मागे येईल. आणि चौऱ्याहत्तर! एकाहत्तरची तू. मी तेव्हाच उठले, निदान वय तरी दुरुस्त करून घ्यावं म्हणून.

दार उघडलं तर ओट्यावर युलाली आणि तिच्यामागे निम्मी गल्ली उभी. मी तोंड उघडलं, देवाशप्पथ उघडलं, की बायांनो, माझी ताई ठणठणीत आहे, हा झगा फोटोसाठी आहे. पण माझ्याआधी युलालीने तोंड उघडलं. म्हणाली, "मावशी, तितिनताई आमच्या आईला पत्रं वाचून दाखवायची ना, ती सगळी अजून बिस्किटाच्या डब्यात आहेत." तुला आठवतंय का गं? ऑर्तांसला वाचता यायचं नाही. तिचा थोरला फ्रान्सला गेला होता आणि त्याची पत्रं तू तिला वाचून दाखवायचीस, आपल्या पायरीवर बसून. युलाली मोठी झाल्यावर, शाळेत जायला लागल्यावर, तिने ती पत्रं स्वतः वाचली. त्यांत थंडीबद्दल होतं, फोरमनबद्दल होतं, पैसे पाठवतो असं होतं. पण आईला पाठ असलेलं वाक्य एकाही पत्रात नव्हतं. "आई, तुझी फार आठवण येते." ते तू घालायचीस. दर पत्रात, शेवटी, पान उलटवल्याचं नाटक करून. ऑर्तांस ते वाक्य घेऊनच गेली आणि युलालीने तिला कधी काही सांगितलं नाही. हे मला माहीत नव्हतं, ताई. मी शेजारी बसून वाटाणे सोलत असायचे आणि मलाही ते माहीत नव्हतं.

मग सगळेच सुरू झाले. बिशप येणार त्या दिवशी तू पापनिवेदनाच्या खोक्यात जिवंत खेकडा सोडला होतास, ते निघालं. तू कुणाच्या लग्नात नवरदेवाला चुकीच्या चर्चमध्ये पाठवलं होतंस, ते निघालं. (माझ्या आठवणीप्रमाणे ती तू नव्हतीस, पण लोकांना हवं होतं.) अकरा वर्षांत इकडे कोणी तुझं नाव काढलं नव्हतं. मीसुद्धा कोणाशी बोलत नव्हते, कारण बोलले की लोक विचारतात, "येतेय का कधी?" आणि आता पाचपन्नास माणसं माझ्या ओट्यावर बसून तुझं नाव घेत होती, भजी खात होती, हसता हसता डोळे पुसत होती. मी ठरवलं, उद्या सांगू. एवढी एक संध्याकाळ ऐकून घेऊ. आणि एकदा एक संध्याकाळ गेली की दुसऱ्या दिवशी सांगणं किती कठीण असतं ते तुला काय सांगू! नऊ संध्याकाळी प्रार्थना झाली. शेवटच्या संध्याकाळी मेयरसाहेब येऊन बोलले की तू या मातीची थोर लेक होतीस आणि तुझं अपुरं राहिलेलं स्वप्न ते मार्चनंतर पूर्ण करतील. (तू पहिल्यांदा पॅरिसला गेलीस तेव्हा ते तीन वर्षांचे होते. स्वप्न कोणतं, ते त्यांनी सांगितलं नाही.) मग एक मिनिट स्तब्धता पाळली. ती वीस सेकंद टिकली, मग त्यांचा फोन वाजला.

मधल्या तिसऱ्या बुधवारी मी पुन्हा काळं घालून गेले. आता तर ते घालणं भागच होतं. फुल्जांस दालनाच्या दाराशी टोपी हातात घेऊन उभा. "मादाम लेओकादी, सख्खी बहीण गेली आणि तुम्ही फोटो काढायला आलात?" त्याच्या आवाजात असं काही होतं की माझ्याच्याने राहवलं नाही. शाल बाजूला केली आणि सगळं सांगून टाकलं. डांबरगोळ्या, बस, रेडिओ, कांदा, चौऱ्याहत्तर, सगळं. मग त्याचे खांदे हलायला लागले. कधीच आवाज न करणारा तो माणूस असा काही हसला की भिंतीला टेकला, तिथून घसरून बादलीवर बसला आणि बादली पत्र्याच्या दारावर आदळून दणका झाला. डोळे पुसत म्हणाला, "तितिनताई जिवंत आहेत तर! मी सहा वर्षांचा असताना त्यांचे पेरू चोरले म्हणून त्यांनी मला एक थोबाडीत दिली होती. आणि मग उरलेले पेरूही दिले. हा गाल बघा, हा."

तो गाल दाखवत होता आणि मी काचेकडे पाहिलं. मादामने डोकं उचललं होतं. सगळं वेटोळं हलकेच जागं झालेलं, मान उभी, जीभ बाहेर, आणि ते पापण्या नसलेले डोळे थेट माझ्यावर. मी दाबलं. एकच. त्या फोटोत ती अशी दिसते की जणू तिनेही रेडिओ ऐकला होता आणि आता तिला खरं काय ते कळलं आहे.

फोटो आला म्हणून सुटले असं वाटलं, पण पुढे महिन्यांची बैठक होती. मादामला कोणता महिना द्यायचा? जानेवारी नको, वर्षाची सुरुवात कोणी तिच्याने करील का! फेब्रुवारीत कार्निव्हल. मार्चला मेयरसाहेबांच्या चिटणिसाने हात वर केला, निवडणुकीच्या महिन्यात असलं चित्र साहेबांच्या मुखपृष्ठामागे आलं तर विरोधक काय म्हणतील? (विरोधकांना सुचलं नसतं. पण त्याने सुचवलं.) एप्रिलमध्ये ईस्टर आणि खेकड्याचं कालवण, मे आयांचा, जून मुलींच्या पहिल्या कम्युनियनचा, जुलैत गावची जत्रा, ऑगस्टमध्ये होड्यांच्या शर्यती, सप्टेंबरात वादळं आधीच पुरेशी असतात. ऑक्टोबर, मी म्हटलं. तेव्हा सिदोनी ताठ झाली. "ऑक्टोबरात माझा वाढदिवस असतो, लेओकादी. माझ्या स्वयंपाकघरात ते तीस दिवस लटकणार?" (एकतीस.) जिने सिस्टर आन्येससमोर तो शब्द चारदा म्हटला, तिला आता त्याचं नुसतं चित्र भिंतीवर नको होतं! मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे, आणि शप्पथ सांगते, तिलाही ते संत तेरेजाचं चित्र आठवलं. कोणीतरी म्हणालं, मग तो प्राणीच काढून टाका, दोन पोपट घ्या. हात वर व्हायला लागले.

तेव्हा सिदोनीनेच टेबलावर थाप मारली. म्हणाली, नोव्हेंबर. नोव्हेंबर मेलेल्यांचा, त्यांची काही हरकत नसते. आणि लेओकादीच्या घरात ताजं दुःख आहे, तिच्या हातून आपण एवढंही घ्यायचं? सगळ्यांनी माना खाली घातल्या. एकमताने मंजूर. फोटोखाली प्राण्याचं नाव असणार नाही, फक्त "नोव्हेंबर" आणि माझं नाव. तेव्हा ताई, माझं पान तुझ्या मरणाने वाचवलं. तिथेच उठून खरं सांगितलं असतं तर मी दोन पोपट झाले असते.

आता मला सांग, यात माझं चुकलं कुठे? (चुकलं ते मला माहीत आहे. फादरना पापनिवेदनात सांगितलंही. ते जाळीपलीकडून म्हणाले, "पण मग तो खेकडा खरा होता का?") तू लिहिलंस, मला तिकडे कोण ओळखतंय. पन्नास माणसांनी नऊ संध्याकाळी तुझं नाव घेतलं, ताई. त्या लांबड्याचं नाव आपण जन्मात घेतलं नाही, कारण नाव घेतलं की ते येतं. आईचं तेच म्हणणं होतं आणि आई खोटं बोलत नसे. आता तू येतेस की नाही ते बघायचं आहे.

हे पत्र वाचून दाखवायला तुझ्या जिन्यात कोणी नसेल, तेव्हा शेवटी वाक्य घालायलाही कोणी नाही. म्हणून मीच घालते आणि पानही खरंच उलटवते. ताई, तुझी फार आठवण येते.

तुझी धाकटी,
लेओकादी

ता. क. कॅलेंडर वीस तारखेला छापून होईल. तोवर कृपा करून इकडे कोणालाही फोन करू नकोस, विशेषतः सिदोनीला. तुला कोणी करणार नाहीच. मेलेल्या माणसाला फोन करायची आपल्याकडे पद्धत नाही.

ता. क. २. युलालीची भाची तुझ्याच उपनगरात राहते. ती फुलं घेऊन तुझ्या दाराशी येण्याची शक्यता आहे. दार हळू उघड आणि आधी बोल.

ता. क. ३. रेडिओवर वय दुरुस्त करून घेतलं. आता एकाहत्तर सांगितलं गेलं आहे. म्हणजे वार्ता दोनदा झाली.

ता. क. ४. हे खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. काल आईच्या थडग्याला चुना लावायला गेले तर गावकऱ्यांनी प्रेमाने तुझं नाव आईच्या नावाखाली आधीच लिहून ठेवलेलं. निळ्या रंगाने, अक्षर सुरेख, "इस्मेरी, उर्फ तितिन". मी ब्रश घेऊन उभी राहिले. चुन्याचा एक हात मारला असता तर गेलं असतं. पण मला ते पुसवेना, ताई. ते काम तुझं आहे. फुल्जांस एक नोव्हेंबरला गाडी घेऊन विमानतळावर येईल, त्याने त्या दिवशी सुट्टी मागून घेतली आहे. कोरलेलं नाही, नुसता रंग आहे, आणि ब्रश मी पाण्यात भिजत ठेवला आहे.